एरिक विल्यम्स यांच्यावरचा पुण्यातील अभ्यासवर्ग : पूर्वार्ध उत्तम, उत्तरार्ध घाईत

पुण्यात व्याख्यानांना कधी तोटा नसतो, पण एका कॅरिबियन देशाच्या पंतप्रधानाची राजकीय कारकीर्द हा विषय घेऊन मराठीतून सशुल्क अभ्यासवर्ग चालवणे हे धाडसच म्हणावे लागेल. त्रिनिदाद आणि टोबॅगोचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांच्यावरचा हा वर्ग टिळक रस्त्यालगतच्या एका लहान सभागृहात शनिवारी संध्याकाळी भरत असे. आयोजक मंडळ छोटे आणि हौशी आहे, तेव्हा नावानिशी गुणदोष काढण्यापेक्षा वर्गात काय मिळाले आणि काय राहून गेले, एवढेच लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. 1962 पर्यंतचा, म्हणजे स्वातंत्र्यापर्यंतचा, भाग उत्तम झाला, काही ठिकाणी तर फारच उत्तम. त्यानंतरची एकोणीस वर्षे मात्र, एक व्याख्यान सोडता, उरकली गेली, आणि विल्यम्स यांना जोखायचे असेल तर खरी कसोटी त्या एकोणीस वर्षांतच आहे. तरीही शुल्क वाया गेले असे मला वाटत नाही.

पहिल्या शनिवारी सभागृह भरले होते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून आलेली स्पर्धा परीक्षांची मुले मागच्या रांगांत बसली होती. त्यांच्यापैकी एकाने ‘सर, यावर प्रश्न येतो का?’ असे विचारले, आणि वक्त्यांनी ‘बहुधा कधीच येणार नाही’ असे सरळ उत्तर दिल्यामुळे पुढच्या शनिवारी त्या रांगा बऱ्याच मोकळ्या झाल्या. उरले ते निवृत्त बँक अधिकारी, काही शिक्षिका आणि क्रिकेटमुळे पोर्ट ऑफ स्पेन हे नाव पाठ असलेले माझ्यासारखे लोक. वक्ते इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. आवाज बारीक, हातात टिपणांचा कागद नाही, आणि सनावळी मात्र जिभेवर.

सुरुवात त्यांनी विल्यम्स यांच्या घरापासून केली, हे योग्यच झाले. 25 सप्टेंबर 1911 रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जन्मलेला हा मुलगा टपाल खात्यातल्या एका सामान्य नोकरदाराचा. घरात भावंडे पुष्कळ, पैसा बेताचा. त्या काळच्या त्रिनिदादमध्ये काळ्या मध्यमवर्गातील मुलाला वर चढायला जी एक अरुंद शिडी होती, ती म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला जाणे. क्वीन्स रॉयल कॉलेज या शाळेतून विल्यम्स यांनी ती मिळवली, ऑक्सफर्डला इतिहासात 1935 मध्ये पहिला वर्ग घेतला आणि 1938 मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. या प्रबंधातूनच पुढे त्यांचा ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ हा ग्रंथ उभा राहिला, जो अमेरिकेत 1944 मध्ये निघाला आणि ब्रिटनमध्ये निघायला मात्र 1964 उजाडले. वक्त्यांनी फळ्यावर लिव्हरपूल, पश्चिम आफ्रिका आणि साखरेची बेटे असा त्रिकोण काढला, प्रत्येक बाजूवर त्या फेरीतला माल लिहिला आणि विल्यम्स यांचे म्हणणे सांगितले : गुलामांच्या व्यापारातून आणि साखरेतून आलेल्या नफ्याने ब्रिटनच्या औद्योगिक क्रांतीला भांडवल पुरवले, आणि गुलामगिरी संपली ती केवळ सज्जनांच्या कळवळ्यामुळे संपली नाही, ती तोट्याची होऊ लागली म्हणून संपली. दादाभाई नौरोजींच्या आर्थिक नि:सारणाच्या सिद्धांताशी त्यांनी याची सांगड घातली, ती श्रोत्यांना लगेच पटली. या मांडणीच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर, म्हणजे वेस्ट इंडीजमधील मळे खरोखरच डबघाईला आले होते का या मुद्द्यावर, सेमूर ड्रेशर यांच्यासारख्या इतिहासकारांनी 1970 च्या दशकात जोरदार आक्षेप घेतले. त्याचा उल्लेख झाला असता तर बरे झाले असते. पण विषय राजकारणाचा होता, एवढी सूट देता येईल.

वर्गातील सर्वांत चांगली संध्याकाळ वुडफर्ड स्क्वेअरची. अमेरिकेतील काळ्यांच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवून झाल्यावर विल्यम्स कॅरिबियन कमिशन या वसाहती सत्तांच्या संयुक्त संस्थेत नोकरीला होते. तिथल्या गोऱ्या वरिष्ठांशी त्यांचे सतत खटके उडत, आणि 1955 मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. दुसरा कोणी एखाद्या विद्यापीठात परत गेला असता. विल्यम्स 21 जून 1955 च्या रात्री पोर्ट ऑफ स्पेनमधील वुडफर्ड स्क्वेअर या बागेत हजारोंच्या समुदायापुढे उभे राहिले, कमिशनशी झालेल्या भांडणाची कागदोपत्री हकिगत त्यांनी तपशिलाने सांगितली, आणि आपण इथेच जन्मलो, इथेच राहणार, आपली बादली इथेच सोडणार असे जाहीर केले. बादलीची ही प्रतिमा अमेरिकेतील काळ्यांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या 1895 च्या अटलांटा येथील भाषणातली; जिथे आहोत तिथेच काम करायचे, असा तिचा अर्थ. वक्त्यांनी ते सांगितले नाही, पण हॉवर्डमध्ये शिकवलेल्या माणसाने ती का उचलली असेल हे त्यावरून चांगले उमजते. पुढे त्या बागेला लोक ‘वुडफर्ड स्क्वेअर विद्यापीठ’ म्हणू लागले. गोदी कामगार, शिक्षक, भाजीवाल्या बायका उभ्या-उभ्या राज्यघटना, साखरेचे दर आणि गुलामगिरीचा इतिहास ऐकत. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या गावात हे सांगताना वक्त्यांना वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही. फरक त्यांनी एका वाक्यात दाखवला, तो लक्षात राहण्याजोगा आहे : आपल्याकडे श्रोता व्याख्यान ऐकून घरी गेला, तिकडे त्याच श्रोत्यांचा सात महिन्यांत पक्ष झाला.

त्याच संध्याकाळी पडद्यावर विल्यम्स यांचे छायाचित्र बराच वेळ ठेवले होते. काळा चष्मा, ओठांच्या कोपऱ्यात सिगारेट, आणि कानातील श्रवणयंत्राची कोटाच्या खिशाकडे उतरणारी बारीक वायर. नको असलेला माणूस बोलू लागला की ते यंत्र बंद करत, अशी त्यांच्याबद्दल आख्यायिका होती. वक्त्यांनी ती विनोद म्हणून सांगितली आणि सभागृह हसले; पुढचा सगळा इतिहास माहीत असल्यामुळे मला मात्र ती विनोदापेक्षा जास्त काहीतरी वाटली.

जानेवारी 1956 मध्ये पीपल्स नॅशनल मूव्हमेंट हा विल्यम्स यांचा पक्ष निघाला आणि सप्टेंबरमधील निवडणुकीत त्याने 24 पैकी 13 जागा जिंकल्या. नेमलेल्या आणि पदसिद्ध सदस्यांमुळे हे बहुमत सभागृहात पुरे पडणारे नव्हते, तेव्हा नेमणुकीच्या काही जागांवर त्यांच्या पसंतीची माणसे घेण्यास लंडनने मान्यता दिली आणि विल्यम्स मुख्यमंत्री झाले. ही घटनात्मक खटपट वक्त्यांनी फार सोपी करून सांगितली. वेस्ट इंडीज फेडरेशनचा भागही असाच. 1958 मध्ये दहा प्रदेशांचे संघराज्य झाले, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला होती, पंतप्रधान बार्बाडोसचे ग्रँटली ॲडम्स. सप्टेंबर 1961 मध्ये जमैकाच्या मतदारांनी सार्वमतात बाहेर पडण्याचा कौल दिला. वक्त्यांनी फळ्यावर ‘10 – 1 = 0’ असे लिहिले आणि खडू खाली ठेवला. दहातून एक गेला की शून्य उरते, हे विल्यम्स यांचे तेव्हाचे प्रसिद्ध गणित. मोठा भाऊ निघून गेल्यावर उरलेल्या लहान बेटांचा भार त्रिनिदादने एकट्याने उचलायचा नाही, असा त्याचा रोखठोक अर्थ होता. चाग्वारामास येथील अमेरिकन नौदल तळाविरुद्धची मोहीम, 22 एप्रिल 1960 रोजी भर पावसात निघालेला मोर्चा, आणि त्याच दिवशी वुडफर्ड स्क्वेअरमध्ये जाळलेली तळाच्या 1941 च्या भाडेकराराची प्रत, हे सगळे मात्र इतक्या रंगून सांगितले गेले की मूळ मुद्दा मागे पडला. जागा संघराज्याच्या राजधानीसाठी हवी होती, आणि शेवटी झाला तो तडजोडीचा करार होता. मोर्चाच्या दिवशीची गर्जना आणि करारातील कलमे यांतले अंतर दाखवले असते, तर विल्यम्स यांची राजकारणी म्हणून पद्धत तिथेच कळली असती.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. त्रिनिदादच्या राजकारणाचा अर्धा भाग भारतीय वंशाच्या लोकांशिवाय समजत नाही, आणि पुण्यात शिकवताना तर हा भाग सर्वांत सविस्तर हवा होता. 30 मे 1845 रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कोलकात्याहून करारबद्ध मजूर घेऊन त्रिनिदादला पोहोचले आणि 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार माणसे तिकडे नेली गेली, त्यांतली बहुसंख्य भोजपुरी आणि अवधी पट्ट्यातली. ही गिरमिटिया पद्धत बंद करावी असा ठराव केंद्रीय कायदेमंडळात 1912 मध्ये मांडला तो याच शहरातल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला, पण त्यातून चाललेल्या रेट्याने पाच वर्षांत भरती थांबली. टिळक रस्त्यापासून त्यांचा भारत सेवक समाज काही फार लांब नाही, आणि तरी गोखल्यांचे नाव वर्गात एकदाही निघाले नाही, हे मला आश्चर्याचे वाटले.

माझ्या शेजारी बसणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले, ‘सर, आपल्या लोकांनी विल्यम्सना मते दिली का हो?’ त्यावर ‘काहींनी दिली, पुष्कळांनी नाही’ एवढेच उत्तर मिळाले. प्रश्न नेमका होता आणि उत्तराला किमान अर्धा तास हवा होता. 1958 च्या संघराज्याच्या निवडणुकीत त्रिनिदादच्या 10 पैकी 6 जागा विरोधी डेमोक्रॅटिक लेबर पार्टीने जिंकल्या, आणि पराभवानंतरच्या भाषणात विल्यम्स यांनी भारतीय मतदारांना उद्देशून ‘शत्रुत्वाने वागणारा, हेकट अल्पसंख्य गट’ अशा अर्थाचे शब्द वापरले. ते शब्द तिथले भारतीय आजही विसरलेले नाहीत. 1961 च्या निवडणुकीत प्रथमच मतदान यंत्रे आली, विरोधकांनी त्यांच्यावर संशय घेतला (हे वाक्य ऐकून आमच्या वर्गात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले), आणि विल्यम्स यांच्या पक्षाला 30 पैकी 20 जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेते रुद्रनाथ कॅपिल्डिओ लंडनमध्ये गणित शिकवणारे विद्वान होते. म्हणजे एका बाजूला ऑक्सफर्डचा इतिहासकार आणि दुसऱ्या बाजूला लंडनचा गणिती, असे ते राजकारण होते. 1962 च्या उन्हाळ्यात लंडनच्या मार्लबरो हाऊसमधील परिषदेत हे दोघे समोरासमोर आले, अल्पसंख्याकांच्या हमीवरून बोलणी तुटता तुटता वाचली, आणि 31 ऑगस्ट 1962 रोजी देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी लिहिलेल्या देशाच्या इतिहासात विल्यम्स यांनी बजावले की, ज्यांचे पूर्वज भारतातून आले त्यांना भारतमाता नाही आणि ज्यांचे आफ्रिकेतून आले त्यांना आफ्रिकामाता नाही. माता एकच, ती म्हणजे त्रिनिदाद आणि टोबॅगो, आणि आई मुलांमुलांत भेद करत नाही. हा विचार वक्त्यांनी भरल्या आवाजात सांगितला. चारच वर्षांपूर्वीचे ते भाषण त्याच्या शेजारी ठेवले असते, तर श्रोत्यांना स्वतःचे मत बनवता आले असते. माझे मत असे की विल्यम्स यांचा तो विचार खरा होता आणि त्यांचे मतांचे गणितही खरे होते, आणि दोन्हींचा हिशेब त्यांनी स्वतःशी कधी पुरा केला नाही.

1970 आणि 1971 या वर्षांवरचे व्याख्यान पुन्हा जमले. क्रिकेटने त्याला आपोआप धार आली. सी. एल. आर. जेम्स आपल्याला क्रिकेटवरचे लेखक म्हणून माहीत असतात. ते शाळेत विल्यम्स यांचे शिक्षक होते, नंतर त्यांच्या पक्षाच्या मुखपत्राचे संपादक झाले, 1960 मध्ये दोघांचे फाटले, आणि 1965 मध्ये कसोटी मालिकेच्या वार्तांकनासाठी आलेल्या या गुरूला शिष्याच्या सरकारने घरातच स्थानबद्ध केले. वक्त्यांनी हे अगदी कोरड्या स्वरात सांगितले आणि तेच परिणामकारक ठरले. फेब्रुवारी 1970 पासून ‘ब्लॅक पॉवर’चे मोर्चे निघू लागले. स्वातंत्र्य येऊन आठ वर्षे झाली तरी बँका, साखर आणि तेल परक्यांच्याच हाती का, असा तरुणांचा सवाल होता, म्हणजे जवळजवळ विल्यम्स यांच्याच ग्रंथातला सवाल त्यांच्याच दारात येऊन उभा राहिला. मार्चमध्ये हे तरुण एकजुटीसाठी साखरपट्ट्यातील भारतीय मजुरांकडे चालत गेले. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळातून ए. एन. आर. रॉबिन्सन बाहेर पडले, 21 एप्रिलला आणीबाणी जाहीर झाली आणि त्याच दिवशी टेटरॉनच्या छावणीत लष्कराच्या एका गटाने बंड केले. त्या बंडाच्या दोन नेत्यांपैकी एक रफीक शाह, भारतीय वंशाचा तरुण अधिकारी. शहराकडे येणारा एकमेव रस्ता तटरक्षक दलाने समुद्रातून तोफा डागून अडवला, म्हणून सरकार वाचले.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडीजला प्रथमच हरवले, आणि एप्रिलमध्ये त्याच मैदानावर सुनील गावसकरांनी एका कसोटीत 124 आणि 220 धावा केल्या. आमच्या पिढीला हे आकडे तोंडपाठ आहेत. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, 24 मे 1971 रोजी, त्या देशात निवडणूक झाली, प्रमुख विरोधकांनी बहिष्कार घातला, सुमारे एक तृतीयांश मतदारांनीच मतदान केले आणि विल्यम्स यांच्या पक्षाला 36 पैकी 36 जागा मिळाल्या, हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. वक्त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच स्लाइडवर मांडल्या होत्या. वर्गातली ही सर्वांत कल्पक जुळणी.

आणि इथून पुढे गाडी सुसाट सुटली. सप्टेंबर 1973 मध्ये विल्यम्स यांनी पक्षाच्या अधिवेशनात निवृत्ती जाहीर केली, डिसेंबरमध्ये ती मागे घेतली. मधल्या काळात पश्चिम आशियातील युद्धामुळे तेलाचे भाव भडकले होते आणि तेल उत्पादक त्रिनिदादच्या तिजोरीत अचानक पैशाचा पूर आला होता. या योगायोगाला वर्गात पाच मिनिटे मिळाली. पॉइंट लिसासची औद्योगिक वसाहत, नैसर्गिक वायूवर चालणारे खत आणि पोलाद कारखाने, सरकारी कंपन्यांची वाढती रांग, विमानखरेदीतील आणि तेल कंपनीशी झालेल्या व्यवहारातील भ्रष्टाचाराचे आरोप, 1976 मध्ये झालेले प्रजासत्ताक, त्याच वर्षीच्या निवडणुकीतून विरोधी पक्षनेते म्हणून पुढे आलेले साखर कामगारांचे नेते बासदेव पांडे, आणि मंत्र्यांनाही सहज न भेटणारा, घरात एकटा बसून फायली वाचणारा पंतप्रधान : हे सारे शेवटच्या अर्ध्या तासात यादीसारखे वाचून दाखवले गेले. ज्या माणसाने बागेत उभे राहून राष्ट्र घडवले, तो वीस वर्षांनी कोणाशी बोलेनासा का झाला, हा या कारकिर्दीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न, आणि वेळेअभावी तो विचारलाही गेला नाही.

सोयींविषयी थोडक्यात. शुल्क दोन नाटकांच्या पुढच्या रांगेच्या तिकिटांइतके आहे आणि त्यात टिपणे व चहा येतो. चहा वेळेवर आणि चांगला. टिपणांची झेरॉक्स मात्र इतकी फिकी होती की निवडणुकांच्या तक्त्यातील 3 आणि 8 ओळखू येत नव्हते, आणि नकाशाच्या पानावर टोबॅगो बेट समासाबाहेर कापले गेले होते. त्रिनिदाद आपल्याकडे दुर्लक्ष करते ही टोबॅगोच्या लोकांची जुनी तक्रार पाहता हे जरा जास्तच झाले. माईक मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलेला आहे, पण आपल्याकडील प्रथेप्रमाणे प्रश्नापेक्षा प्रश्नकर्त्यांची मनोगतेच लांबतात आणि आयोजक संकोचाने कोणाला थांबवत नाहीत. ध्वनिमुद्रण दिले जात नाही, ते द्यायला हवे. बाहेरगावच्या लोकांनी मला त्याबद्दल विचारले आहे.

पुढच्या तुकडीसाठी आयोजकांना एकच सुचवायचे आहे. वर्ग 29 मार्च 1981 ला, विल्यम्स यांच्या पदावर असतानाच झालेल्या मृत्यूपाशी थांबला. तो डिसेंबर 1986 पर्यंत न्यावा. जॉर्ज चेंबर्स यांच्या हाती पक्ष गेला, तेलाचे भाव कोसळले, आणि तीस वर्षे सत्तेवर राहिलेल्या या पक्षाला 36 पैकी अवघ्या 3 जागांवर आणून बसवणाऱ्या आघाडीचे नेते होते 1970 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडलेले तेच रॉबिन्सन. बासदेव पांडेही त्याच आघाडीत होते आणि 1995 मध्ये ते भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. यासाठी चाग्वारामासच्या मोर्चाचा वेळ निम्मा केला तरी चालेल. ज्यांना वसाहतोत्तर राजकारणात रस आहे त्यांनी हा वर्ग जरूर लावावा, शक्यतो पुढच्या रांगेत बसावे, आणि भारतीयांविषयीचे प्रश्न पहिल्याच शनिवारी विचारून ठेवावेत, म्हणजे वक्त्यांना तयारीला वेळ मिळेल.